घोडे घेऊन मिशिगन ते फ्लोरिडा

प्रश्न: जानेवारीत दोन घोडे ट्रेलरमधून डेट्रॉइटहून फ्लोरिडातल्या ओकालाला न्यायचे आहेत. गाडी मी एकटीच चालवणार. सर्वांत जास्त काळजी कशाची घ्यावी?

उत्तर: फुप्फुसांची. मान सतत वर बांधलेली राहिली की श्वासनलिकेतली धूळ आणि कफ बाहेर पडत नाही, मग न्यूमोनिया होतो. म्हणून दर चार तासांनी वीस मिनिटं थांबा, दोर सैल करून मान खाली घालू द्या, पाणी दाखवा. गवत भिजवूनच टांगा. थंडीमुळे झरोके बंद करावेसे वाटतील, पण करू नका; लघवीतल्या अमोनियाने आतली हवा लवकर बिघडते. दक्षिणेकडे जाताना प्रत्येक थांब्यावर झुलीखाली खांद्याजवळ हात घालून बघा. ओलसर लागलं तर झूल काढा.

जड घोडा डाव्या बाजूला उभा करा, कारण अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि ती बाजू उजवीकडे उतरती असते. चाक पंक्चर झालं तरी हायवेवर घोडे उतरवू नका. भरलेल्या ट्रेलरचं चाक वर उचलणारा रॅम्प सोबत ठेवा. अंतर सुमारे १,७५० किलोमीटर आहे, तेव्हा वाटेत रात्रीचा तबेला आधीच ठरवा. एकटीने सलग जाणं धोक्याचं.

कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीची रक्तचाचणी) १२ महिन्यांच्या आतला निगेटिव्ह अहवाल आणि पशुवैद्याचं ३० दिवसांच्या आतलं आरोग्य प्रमाणपत्र हाताशी ठेवा. फ्लोरिडात शिरल्यावर आय-७५ या महामार्गावरच्या कृषी तपासणी नाक्यावर थांबावंच लागतं.

पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ३८.६ अंश सेल्सियसच्या वर गेला तर लगेच डॉक्टरांना बोलवा.