मुलांच्या घोड्यांसाठी आपुलकीचा तबेला कसा निवडावा?

प्रश्न : नोकरीच्या निमित्ताने आम्ही नुकतेच धुळ्याहून नाशिकला, इंदिरानगर भागात राहायला आलो आहोत. माझी मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा दहा वर्षांचा असून दोघांचीही स्वतःची जनावरे आहेत. मुलीची सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली काठेवाडी घोडी आहे आणि मुलाचे ठेंगणे, गरीब स्वभावाचे देशी तट्टू आहे. सध्या ती दोन्ही माझ्या दिरांच्या मळ्यात आहेत आणि आता त्यांना नाशिकला आणायचे आहे. आम्ही दोन तबेले पाहिले. पहिल्या ठिकाणी वाळूचे मोठे रिंगण, दिवे आणि पालकांना बसण्याची उत्तम सोय आहे. मात्र तेथे मुलांनी केवळ तयार घोड्यावर बसायचे आणि उतरून निघायचे, असा नियम आहे. दुसरा तबेला मखमलाबादच्या बाजूला, जुना आणि साधा आहे. तेथे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, कुटुंबासह राहतो आणि मुलांना खरारा, म्हणजे घोड्याचे अंग घासून साफ, करू देतो. मुलीला दुसरा आवडला, यजमानांना पहिला. शिवाय पहिल्या ठिकाणच्या उंच मारवाडी घोड्यांमध्ये आपल्या तट्टूला कोणी हसेल, ही चिंता मुलाला सतावत आहे. निर्णय कसा घ्यावा?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील तपशिलावरून माझा कल दुसऱ्या तबेल्याकडे आहे. त्याचे मुख्य कारण असे की, मुले दिवसातून फार तर तास-दीड तास घोड्यापाशी असतील आणि उरलेला सारा वेळ ते जनावर मोतद्दाराच्या हाती असेल. म्हणून तबेला निवडताना रिंगणाच्या आधी माणूस पाहावा. मोतद्दार किती वर्षे त्याच ठिकाणी आहे, मालक त्याच्याशी कसा बोलतो, त्याला वेळेवर पगार मिळतो का आणि रात्री तो तेथेच झोपतो का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. रात्रीच्या मुक्कामाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की काही तासांत जिवावर बेतू शकते. जनावर वारंवार कुशीकडे वळून पाहते, पुढच्या पायाने जमीन उकरते, लोळते आणि लीद टाकणे थांबवते. ही लक्षणे रात्री कोणी पाहिलीच नाहीत, तर सकाळी पशुवैद्यकाला बोलावून उपयोग होईलच असे नाही. कुटुंबासह तबेल्यावर राहणारा मोतद्दार ही म्हणूनच फार मोठी सोय आहे.

तरीही केवळ साधेपणावर विश्वास ठेवून घोडी तेथे नेऊ नका. एकदा चंदीच्या, म्हणजे घोड्यांना दाणा देण्याच्या वेळी, मालकाला आधी न कळवता, तबेला उघडा असताना जाऊन या. चंदीची बादली दिसताच घोडे कान पुढे करून हुंकारतात की कान मागे टाकून भिंतीला लाथा मारतात, हे पाहा. एखादा घोडा तासन्तास जागीच डुलत असेल किंवा लाकूड दातांत धरून हवा गिळत असेल, तर त्याला पुरेशी वैरण आणि पुरेसे फिरणे मिळत नाही, असे बहुधा समजावे. पाण्याच्या हौदात हात घालून तळाला शेवाळ आहे का ते पाहा. घोड्याला दिवसाला सुमारे २५ ते ४० लिटर पाणी लागते आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याहूनही अधिक लागू शकते. पछाडी (मागचे पाय बांधण्याची दोरी) बांधण्याच्या जागी, म्हणजे मागच्या पायांच्या खुरांच्या वर, जुने वळ किंवा जखमा दिसल्या, तर घोडे दिवसभर बांधलेलेच असतात हे उघड आहे. आपली घोडी मळ्यात मोकळी फिरलेली आहे. तिला ठाणात, म्हणजे तबेल्यातील तिच्या जागेत, किमान बारा फूट लांब व बारा फूट रुंद जागा आणि रोज काही तास मोकळे सोडण्याचे कुंपण मिळालेच पाहिजे, ही अट माझ्या मते सोडू नये.

सामानाच्या खोलीतही डोकावून या. लगामाचा तोंडात जाणारा भाग हातात घेऊन पाहा आणि त्यावर काटे किंवा टोकदार खिळे आढळले, तर पुढची कोणतीही बोलणी न करता परत फिरा. काटेरी लगामाचा वापर ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार निषिद्ध आहे. वरातीच्या घोड्यांच्या तोंडी तो आजही दिसतो, याचे मला अतिशय दुःख होते. जो मालक असा लगाम बाळगतो, त्याच्याकडे मुलांनी घोड्याविषयी काहीही शिकू नये.

वरातीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. अनेक तबेल्यांचे उत्पन्न लग्नसराईवर अवलंबून असते. यात गैर काहीच नाही, पण आपल्या अनुपस्थितीत आपली घोडी बँड आणि फटाक्यांच्या गदारोळात उभी केली जाणार नाही, तसेच नवशिक्यांना शिकवण्यासाठी वापरली जाणार नाही, हे लेखी असावे. तोंडी आश्वासन देणारा माणूस प्रामाणिक असला, तरी ऐन मुहूर्ताच्या दिवशी त्याचा एखादा घोडा लंगडला तर त्याच्यावरही दडपण येते. त्याच कागदावर महिन्याच्या रकमेत चंदी, वैरण, नालबंदी आणि जंतांचे औषध यांपैकी काय धरले आहे, हे लिहून घ्यावे. आपण फोनवर सापडला नाहीत, तर पशुवैद्यकाला उपचार सुरू करण्याची परवानगी असल्याचेही त्यात नमूद करावे. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतो का, याची खात्री करावी. नाल नसलेल्या तट्टूचेही खूर तितक्याच नियमाने छाटावे लागतात. नाशिकमध्ये घोडेस्वारीची परंपरा जुनी आहे. १९३७ साली सुरू झालेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकवली जाते, त्यामुळे चांगला नालबंद किंवा घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक शोधायचा असल्यास तेथील जाणत्यांकडे अवश्य चौकशी करावी.

आता मुलांविषयी. मुलांना खरारा करू देणे, खूर साफ करू देणे, खोगीर स्वतः कसू देणे, याला काही पालक नोकराचे काम मानतात. मला हे मुळीच पटत नाही. खुराच्या तळव्यात रोज हात घालणाऱ्या मुलालाच पावसाळ्यात तेथे धरू लागलेली काळसर, दुर्गंधीयुक्त कूज सर्वांत आधी कळते. तंगाखाली (खोगीर कसण्याच्या पट्ट्याखाली) कातडी सोलवटली आहे, एका पायाला नेहमीपेक्षा अधिक ऊब आहे, आज डोळा पाणावला आहे, या गोष्टी खरारा करतानाच हाताला लागतात. तयार घोड्यावर बसून उतरणाऱ्या मुलीची घोडी हळूहळू परकी होत जाते आणि आपल्या मुलीला हे आतून उमगले असावे, म्हणूनच तिची पसंती योग्य आहे. तरीही मोकळीक म्हणजे दुर्लक्ष नव्हे. डोक्यावर हनुवटीखाली घट्ट बांधलेले, घोडेस्वारीसाठीच बनवलेले शिरस्त्राण आणि पाय रिकिबीतून (खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जाऊ नये म्हणून टाच असलेला बूट, याशिवाय एकही मूल घोड्यावर बसणार नाही, हा नियम त्या तबेल्यात सर्वांना, अगदी मालकाच्या मुलांनाही, लागू आहे का ते पाहा. कासऱ्याचा वेढा हाताभोवती घेऊ नये आणि घोडा चंदी खात असताना मुलाने ठाणात शिरू नये, हे मोतद्दार स्वतःहून सांगतो का, याकडे लक्ष द्या. लीद आणि तबेल्याची माती यांत धनुर्वाताचे जंतू असतात. घोडा या रोगाला फारच लवकर बळी पडतो. त्यामुळे मुलांची आणि घोड्यांची, दोघांचीही धनुर्वाताची लस चुकवू नये.

आपल्या मुलाच्या चिंतेकडे मी गांभीर्याने पाहतो, कारण दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या जनावरावरून कोणी हसले, तर तो तबेल्याकडे फिरकणेच सोडून देईल. भीमा खोऱ्यातील भीमथडी घोडी अंगाने लहान, काटक आणि थोडक्या चाऱ्यावर लांबचा पल्ला गाठणारी होती आणि मराठ्यांच्या घोडदळाची भिस्त अशाच घोड्यांवर होती, हे त्याला जरूर सांगावे. त्याचबरोबर तबेल्यात आधीपासून येणारी मुले नव्या मुलाशी कशी वागतात, हे एक-दोन संध्याकाळी बसून पाहावे. मुलेच एकमेकांचा घोडा धरू लागतात, पडलेल्याला हात देतात आणि चुकलेल्याला मोठ्यांच्या आधी सांभाळून घेतात, असे दिसले तर बाकीच्या उणिवा चालवून घेता येतात. एक व्यावहारिक मुद्दा मात्र आत्ताच ध्यानात घ्यावा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक भार पाठीवर नसावा. आपले तट्टू दोनशे किलोचे असेल, तर ही मर्यादा चाळीस किलोंची होते आणि वाढत्या वयाचा मुलगा ती वर्षा-दोन वर्षांत ओलांडेल. तेव्हा तट्टू विकावे लागू नये, ते एखाद्या लहान मुलाकडे त्याच तबेल्यात सुपूर्द करता यावे, अशी माणसे जिथे आहेत, ती जागा अधिक चांगली.

घोड्यांना आणण्यापूर्वी धुळ्यातच पशुवैद्यकाकडून प्रवासास योग्य असल्याचा दाखला घ्यावा, तो कायद्याने आवश्यक आहे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणीही करून घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार तो शासनाला कळवणे बंधनकारक आहे आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगाच्या निदानाचे काम करते. नमुना कसा पाठवायचा हे पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात सांगतील. नवा तबेला हा अहवाल मागत असेल, तर त्याचा राग मानू नये. उलट जो तबेला कोणतेही कागद न पाहता घोडा आत घेतो, तो इतरांचे आजारी घोडेही तसेच घेतो. आपली दोन्ही जनावरे पहिले दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळी, पण एकमेकांच्या शेजारी ठेवावीत, म्हणजे नव्या जागी त्यांना ओळखीचा सहवास मिळेल. मळ्यातली चंदी आणि वैरण सोबत आणून आठ-दहा दिवसांत हळूहळू नव्या खाण्यावर न्यावे. एकदम केलेला बदल हे पोटशुळाचे नेहमीचे कारण आहे. धुळ्याहून सुमारे १६० किलोमीटरचा महामार्गाचा प्रवास उन्हाळ्यात पहाटेच उरकावा.

यजमानांचा रिंगणाविषयीचा आग्रह अगदी निराधार नाही. पावसाळ्यात साध्या मैदानाचा चिखल होतो आणि घसरणीने घोड्याचा पाय दुखावतो. मखमलाबादच्या तबेल्यात पाणी निचरणारा निदान एक भाग मुरूम-वाळू टाकून तयार करता येईल का, हे विचारावे आणि दोन-चार पालकांनी मिळून खर्च उचलण्याची तयारी दाखवावी. इंदिरानगरहून तेथे जायला शहर ओलांडावे लागते, म्हणून शाळेच्या दिवसांत मुले आठवड्यातून किती वेळा जाऊ शकतील याचा प्रामाणिक हिशेब करा. परीक्षेच्या काळात घोड्यांना लांब दोरीवर फिरवण्याची आणि काम कमी झाले की चंदीही कमी करण्याची जबाबदारी मोतद्दाराशी आधीच ठरवून ठेवावी.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलीचा घोडा तबेल्यात ठेवण्यापेक्षा बागेतच राखणदाराच्या देखरेखीखाली ठेवावा, असा विचार आहे. वैरणीसाठी नेपियर गवत आणि गोठ्यातील पशुखाद्य उपलब्ध आहे. हे योग्य होईल का?
— एक वाचक, दिंडोरी रोड, नाशिक

उत्तर : सध्याच्या स्वरूपात नाही. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे आणि एकटा ठेवल्यास तो सतत अस्वस्थ राहतो. दुसरा घोडा नसेल, तर निदान शेळी किंवा गाय त्याच्या नजरेसमोर बांधावी लागेल, आणि तीही दुय्यम सोयच आहे.

त्याहून मोठी काळजी खाण्याची आहे. नेपियर गायीला चालते, पण त्यातील ऑक्झलेट घोड्याच्या शरीराला कॅल्शियम मिळू देत नाही. महिनोन्‌महिने मुख्यतः हेच गवत दिल्यास हाडे ठिसूळ होतात, चाल बिघडते आणि चेहऱ्याची हाडे फुगतात. त्याऐवजी कोरडे गवत मुख्य ठेवून जोडीला थोडे लसूणघास द्यावे. साडेतीनशे किलोंच्या घोड्याला दिवसाला सव्वापाच ते सात किलो कोरडी वैरण लागते. गोठ्यातील पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य तर घोड्याच्या तोंडीही लागू देऊ नये. त्यांत काही वेळा मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. जी मात्रा गाय सहज पचवते, ती घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करून त्याचा जीव घेऊ शकते. राखणदाराला हे समजावून सांगावे आणि खाद्याची पोती कुलपात ठेवावीत. फवारणी झालेल्या ओळींमधले गवत कापून घालू नये, बांधावर कण्हेर असेल तर ती मुळासकट काढावी आणि फवारणीचे द्रावण कालवलेल्या पिंपातून घोड्याला कधीही पाणी पाजू नये.

एवढी व्यवस्था होईपर्यंत घोडा शहराजवळच्या चांगल्या तबेल्यातच राहू द्यावा. राखणदाराला तेथे काही दिवस पाठवून निरोगी घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस आणि स्वस्थ उभे असताना नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, हे मोजायला शिकवावे. हे मोजणे त्याला स्वतःला जमू लागले आणि घोड्याला सोबती मिळाला, की मग बागेचा विचार करावा.