परदेशी मदत आटली तर आफ्रिकेतलं एचआयव्ही प्रतिबंधाचं काम टिकेल का?

टिकू शकतं, पण नुसती औषधं पुरवून नाही. झिम्बाब्वेचं बघा. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांसाठीच्या तिथल्या ‘सिस्टर्स’ कार्यक्रमाने सूक्ष्मनियोजनाची पद्धत उचलली ती भारतातल्या ‘आवाहन’ या एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमाकडून. २००३ मध्ये सुरू झालेलं ‘आवाहन’ महाराष्ट्रातही होतं. सूक्ष्मनियोजनात या स्त्रियांमधलीच एखादी, म्हणजे ‘पीअर’, ओळखीच्या बायकांची नोंद ठेवते: कोणाला किती कंडोम लागतात, कोणाची तपासणी राहिलीय, कोण नवीन आलीय. वरवर साधं काम, पण दवाखान्यात बसून हे कळत नाही! केनियानेही भारताकडून असंच बरंच घेतलं.

‘आवाहन’ पुढे टप्प्याटप्प्याने, खर्चासकट, भारत सरकारकडे गेलं. माझ्या मते खरं शिकायचं ते तिथे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने निधी गोठवला तेव्हा अनेक देशांत अशी कामं अडकली, कारण पीअरचं मानधनच बाहेरून यायचं.