डाव्या हाताची मूठ

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मुलगा ३०व्या आठवड्यात, म्हणजे १० आठवडे आधी जन्मला; आज तो ९ महिन्यांचा आहे, अजून बसत नाही, आणि नणंदबाई येता-जाता ते बोलून दाखवतात. त्यांना काय उत्तर द्यावे, असे तुम्ही विचारता. पत्राच्या शेवटी मात्र तुम्ही एका ओळीत कौतुकाने लिहिले आहे की, तो नक्की उजवा होणार, कारण खुळखुळा नेहमी उजव्याच हाताने घेतो आणि डावी मूठ मिटलेलीच असते. नणंदबाईंचे राहू द्या. मला त्या मुठीबद्दल बोलायचे आहे.

‘लवकर जन्मला, म्हणून उशिरा बसेल’ हा तुमचा हिशेब चुकलेला नाही. विकास पाहताना अशा बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात (लसी मात्र सहसा जन्मतारखेप्रमाणेच देतात). त्या सुधारित वयाने तो सात महिन्यांचाही झालेला नाही, आणि तेव्हा आधाराशिवाय बसता न येणे ही काळजीची गोष्ट नव्हे. पण आठवडे वजा करून उलगडतो तो दोन्ही अंगांना सारखाच झालेला उशीर. एक हात पुढे आणि दुसरा मागे, याचे उत्तर त्या वजाबाकीत नाही. पहिल्या वर्षात मूल दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरते. त्या वयात ते एकाच हाताने सगळे करू लागले, तर दुसऱ्या हाताला काही अडचण आहे का, हे तपासावेच लागते, कारण वेळेआधी जन्मलेल्या बाळांत मेंदूला इजा झालेली असण्याचा धोका अधिक असतो. ‘लवकर झालाय, सावकाश करेल’ हे नणंदबाईंना ऐकवता ऐकवता तुम्ही स्वतःचीही समजूत घातलीत, याचा मला राग येतो. आणि तुम्ही किती थकला असाल, हेही कळते.

आजच खुळखुळा त्याच्या डाव्या बाजूला धरा. उजवा हात छातीवरून पलीकडे येतो का, डावी मूठ उघडते का, अंगठा आत दुमडलेला राहतो का, हे फोनवर चित्रित करा. झबले घालताना तो हात ताठ लागतो का, तेही पाहा. मग पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात त्याच्या डॉक्टरांकडे जा. कदाचित काहीच निघणार नाही. निघाले, तर मेंदू झपाट्याने घडत असतानाच उपचार सुरू झालेले बरे. आणि तिथे गेल्यावर ‘तो अजून बसत नाही’ असे सांगू नका. ‘डावी मूठ उघडत नाही’ असे सांगा.