कडाक्याच्या थंडीत कामाची कुत्री बाहेरच्या केनेलमध्ये ठेवणे योग्य आहे का?

आपण विचारले आहे की, आपल्याकडे मेंढ्या वळवणारी दोन कुत्री आहेत, एक दाट दुहेरी केसांचे आणि दुसरे आखूड केसांचे. दोघेही बाहेरच्या केनेलमध्ये झोपतात. रात्रीचे तापमान आता उणे १० अंशांपर्यंत उतरू लागले आहे, आणि कुत्री घरात न घेणे हा निर्दयपणा आहे असे शेजारी म्हणतात. मी गेली १८ वर्षे कामाची कुत्री बाहेर ठेवत आलो आहे, त्यामुळे हा प्रश्न मलाही अनेकदा विचारला गेला आहे आणि मी स्वतःलाही तो दर हिवाळ्यात विचारतो.

दाट केसांचे, निरोगी आणि अंगाने भरलेले कुत्रे उणे १० अंशांत बाहेर सुखाने झोपू शकते, मात्र त्याची झोपायची जागा कोरडी आणि वाऱ्यापासून सुरक्षित असली पाहिजे. आखूड केसांच्या कुत्र्याबद्दल माझे मत वेगळे आहे. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. दाट केसांच्या जातींमध्ये वरच्या राठ केसांखाली मऊ लवेचा थर असतो आणि त्या लवेत अडकून राहिलेली हवा हेच त्यांचे खरे पांघरूण असते. जोराचा वारा ती हवा उडवून नेतो, आणि लव भिजली की हवेच्या जागी पाणी बसते, जे उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते. म्हणूनच उणे १० अंशांच्या कोरड्या, निवांत रात्रीपेक्षा शून्याच्या वर दोन-तीन अंश असलेली पावसाची आणि वाऱ्याची रात्र मला अधिक काळजीची वाटते. नुसते थर्मामीटरकडे पाहणारा माणूस नेमका अशा रात्री निर्धास्त झोपतो.

केनेलमधल्या झोपायच्या पेटीबद्दल मी जे शिकलो ते पहिल्या हिवाळ्यातल्या चुकीतून शिकलो. कुत्रीला ऐसपैस वाटावे म्हणून मी दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि जवळजवळ तितकीच उंच पेटी बांधली, आणि वारा कोठूनही शिरू नये म्हणून तिची प्रत्येक फट बुजवून टाकली. थंडी वाढल्यावर एका सकाळी पाहतो तर छताच्या आतल्या बाजूला पांढरे हिमकण फुलले होते, कोपऱ्यातले काड ओले होऊन एकमेकांना चिकटले होते, आणि कुत्री पेटीत नव्हतीच. ती बाहेर भिंतीच्या आडोशाला अंगाचे मुटकुळे करून, शेपटीत नाक खुपसून पडली होती. एवढी मोठी जागा एका कुत्रीच्या अंगच्या उबेने तापणे शक्य नव्हते, आणि तिच्या श्वासातली वाफ बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ती छताला लागून गोठत होती व दिवसा वितळून बिछान्यावर ठिबकत होती.

तेव्हापासून मी पेटी लहानच ठेवतो. कुत्र्याला आत उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय लांब करून आडवे होता यावे, याहून जास्त जागा थंडीत उपयोगाची नसते. पेटीचा तळ जमिनीपासून निदान १० सेंटीमीटर उचललेला असावा, कारण काँक्रीट किंवा गोठलेली माती खालून उष्णता ओढत राहते. दार मध्यभागी न ठेवता एका कडेला ठेवावे, वाऱ्याकडे पाठ करून ठेवावे, आणि शक्य असेल तर आत एक आडवी फळी लावून प्रवेशाची जागा व झोपायची जागा वेगळी करावी, म्हणजे दारातून आलेली झुळूक थेट अंगावर येत नाही. दारावर जाड रबराची झडप लावली तर उत्तमच. मात्र कुत्र्याला ती ढकलून जाण्याची सवय थंडी सुरू होण्यापूर्वीच लावावी लागते. दोन प्लायवूडच्या मध्ये थर्माकोलच्या शीटा घातल्या की भिंती पुरेशा उबदार होतात. थर्माकोल उघडा ठेवला तर कुत्री तो कुरतडून गिळतात, म्हणून दोन्ही बाजूंनी लाकूड असणे आवश्यक आहे. आणि छताच्या अगदी खाली, वारा लागत नसलेल्या बाजूला, बोटभर रुंदीची फट मोकळी सोडावीच. या फटीतून थोडी ऊब जाते हे खरे, पण तिच्याबरोबर ओल जाते आणि लघवीमुळे साचणारा अमोनियाचा वासही जातो, जो कुत्र्यांच्या श्वासनलिकेला फार त्रासदायक असतो. छप्पर उतरते आणि बिजागरीवर उघडणारे केल्यास रोज आत हात घालून पाहणे सोपे होते.

पत्र्याचे पिंप आडवे टाकून त्याचे घर करण्याचा मोह टाळावा, कारण धातू उष्णता झपाट्याने बाहेर सोडतो आणि आतून ओला होतो. अमेरिकेत प्राण्यांचे व्यापारी आणि संशोधन संस्था यांना लागू असलेल्या प्राणी कल्याण नियमांत धातूची पिंपे कुत्र्यांचे निवारे म्हणून वापरण्यास मनाईच आहे. त्याच नियमांत बाहेर ठेवलेल्या कुत्र्यांसाठी तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास स्वच्छ, कोरडा बिछाना आणि १.७ अंश किंवा त्याहून कमी झाल्यास त्यात भर, अशी अट घातली आहे. हे नियम खासगी माणसाला लागू नसले तरी किमान मर्यादा म्हणून ते आपल्या कामाचे आहेत. बिछाना १० अंशांपासूनच घालायचा असतो आणि बर्फ पडेपर्यंत थांबायचे नसते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

बिछान्यासाठी मी गव्हाचे काड वापरतो. जुनी गोधडी किंवा घोंगडी मायेने घातली जाते, पण ती कुत्र्याच्या अंगावरची आणि पायांची ओल शोषून घेते आणि रात्री गोठून कडक होते. सुके गवतही ओल धरते, दबते आणि त्याला लवकर बुरशी येते. काडाच्या नळ्या पोकळ असतात, त्यांत हवा राहते, ओल खाली झिरपून जाते आणि कुत्र्याला त्यात उकरून स्वतःभोवती घरटे करता येते. बार्लीचे काड मात्र टाळावे, कारण त्याची कुसळे डोळ्यांत, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत घुसतात. आलास्कामध्ये इडिटारॉड ही कुत्र्यांनी ओढायच्या बर्फावरच्या घसरगाड्यांची (स्लेजची) सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत होते, तेथेही विश्रांतीच्या ठिकाणी कुत्र्यांसाठी बर्फावर काडच पसरतात आणि ती त्यावर उघड्यावर झोपतात. पेटीत काड घालताना हात आखडता घेऊ नये. कुत्रे आत शिरल्यावर त्याची पाठच काय ती दिसावी, इतके ते असावे.

ते पुरेसे आहे की नाही हे ओळखायची माझी रीत साधी आहे. पहाटे कुत्रे पेटीतून बाहेर आले की लगेच हातमोजा काढून मी त्याच्या झोपण्याच्या खळग्यात मनगटापर्यंत हात घालतो आणि बोटे तळाच्या फळीला टेकवतो. काड कोमट लागले आणि फळी कोरडी असली तर रात्र चांगली गेली. काड थंड पण कोरडे असेल तर पेटी मोठी आहे किंवा काड कमी आहे. आणि फळीला हात ओलसर लागला तर त्या दिवशी दुसरे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी सगळे काड काढून नवे घालायचे, हा नियम मी कधी मोडत नाही. थंडीत केनेलची जमीनही पाण्याने धुऊ नये. खरवडून, झाडून काढावी.

पाणी हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. कुत्री बर्फ खातात, मग वेगळे पाणी कशाला, असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. एक किलो बर्फ वितळवायला ८० किलोकॅलरी लागतात आणि ते पाणी शरीराच्या तापमानाला आणायला आणखी सुमारे ३८. म्हणजे दर लिटरमागे जवळजवळ १२० किलोकॅलरी कुत्र्याला स्वतःच्या अंगातून काढाव्या लागतात. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, तेव्हा २५ किलोच्या कुत्र्याचा हिशेब आपणच करून पाहावा. मी दिवसातून तीन वेळा कोमट पाणी नेतो आणि त्यात थोडा मांसाचा रस्सा घालतो, म्हणजे ते गोठण्यापूर्वीच संपते. भांडे जाड रबराचे असावे. ते उलटे करून आपटले की बर्फाची चकती सुटून येते, आणि धातूच्या भांड्याला ओली जीभ चिकटण्याचा धोकाही राहत नाही.

थंडीत खाणे वाढवावे लागते, आणि काम चालू असेल तर बरेच वाढवावे लागते. इडिटारॉडमध्ये धावणारे कुत्रे दिवसाला १०,००० किलोकॅलरींहून अधिक खर्च करते. आपली कुत्री त्याच्या आसपासही जाणार नाहीत, पण त्या कुत्र्यांना चरबीयुक्त आहार का देतात हे समजून घ्यावे. चरबीच्या एका ग्रॅममधून प्रथिनांच्या किंवा पिष्टाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते, त्यामुळे पोट न फुगवता ऊब मिळते. चरबी एकदम न वाढवता आठवडाभरात वाढवावी, नाहीतर हगवण लागते. दाट केसांमुळे कुत्रे रोडावलेले डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा बोटे केसांत घालून फासळ्या आणि कण्याचे मणके चाचपावेत. मुख्य जेवण संध्याकाळी द्यावे, पण काम संपल्याबरोबर लगेच नव्हे. निदान तासभर जाऊ द्यावा, कारण दमलेल्या कुत्र्याने भरपेट खाल्ले तर, विशेषतः खोल छातीच्या जातींमध्ये, पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो.

कामावरून परतलेले कुत्रे ओले असेल तर त्याला तसेच केनेलमध्ये सोडू नये. गोठ्यात किंवा पडवीत जाड टॉवेलने पोट, काखा आणि मांड्यांचा आतला भाग पुसून काढावा, बोटांच्या मधले बर्फाचे गोळे हाताच्या उबेने सोडवावेत, रस्त्यावरचे मीठ पंजांना लागले असेल तर कोमट पाण्याने धुऊन पंजे कोरडे करावेत, आणि मगच त्याला पेटीत जाऊ द्यावे. थंड पाण्यात पोहल्यावर किंवा थंडीत फार दमल्यावर काही कुत्र्यांची शेपटी दुसऱ्या दिवशी मुळापासून लुळी पडते आणि हात लावला की दुखते. शेपटी मोडली असे समजून मालक घाबरतात. पण बहुधा तो शेपटीच्या स्नायूंना झालेला त्रास असतो आणि काही दिवसांच्या विश्रांतीने तो बरा होतो. तरीही पशुवैद्याला एकदा दाखवावे.

उष्णतेचा दिवा पेटीत लावण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. कोरडे काड, तापलेला बल्ब आणि कुरतडणारे दात एका बंद पेटीत ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. गाडीत घालायचे गोठणरोधक द्रव्यही केनेलच्या आसपास ठेवू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे चार-पाच मिलिलिटर पोटात गेले तरी ते जीव घेते.

कुत्रे सतत कुडकुडत असेल, पाय आळीपाळीने उचलत असेल किंवा पेटीतून बाहेर यायला नाखूश असेल तर त्याला त्या रात्री आत घ्यावे. कुडकुडणे थांबले पण कुत्रे सुस्त, अडखळणारे आणि हिरड्यांनी फिके झाले असेल तर ते सुधारत नसून खालावत आहे. गुदद्वारातून मोजलेले तापमान ३७ अंशांच्या खाली असेल तर पशुवैद्याला कळवावे आणि तोवर धडाभोवती कोरड्या कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. कानांची टोके, शेपटीचे टोक, पंजे आणि नराचे वृषण येथे हिमदंश आधी होतो. तो भाग फिकट किंवा निळसर आणि थंडगार लागला तर चोळू नये, कारण चोळल्याने आतल्या पेशी फाटतात. कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्यावी आणि तो पुन्हा गोठणार नाही याची खात्री करावी.

आता आपल्या आखूड केसांच्या कुत्र्याबद्दल. कुत्र्याच्या अंगावर हिवाळी लव दिवस लहान होऊ लागल्यापासून कित्येक आठवड्यांत चढते, आणि ज्याच्या जातीत ती लवच जवळपास नसते त्याला कितीही सवय लावली तरी तिची भरपाई होत नाही. आपले कुत्रे आजवर टिकले असेल, पण टिकणे आणि नीट विश्रांती मिळणे यांत फरक आहे, आणि रात्रभर अंग आखडून पडलेले कुत्रे सकाळी मेंढ्यांमागे धावताना स्नायू दुखावून घेते. पिल्ले, म्हातारी, आजारी आणि हडकलेली कुत्री यांनाही मी याच गटात धरतो. नवजात पिल्लांना तर पहिल्या आठवड्यात कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. या कुत्र्याला दिवाणखान्यात शेकोटीजवळ नेण्याची गरज नाही. न तापवलेली पडवी, साठवणीची खोली किंवा गोठ्याचा कोरडा कोपरा, त्यात हीच काडाने भरलेली पेटी, आणि दिवसा बाहेर उभे राहायचे असेल तेव्हा अंगावर पाणी न शोषणारा कोट, एवढे पुरते. दोघांचे पटत असेल तर दाट केसांच्या जोडीदारालाही त्याच्याबरोबर झोपू द्यावे. तो जोडीदार मध्येच उठून बाहेरच्या पेटीत जाऊन झोपला तर त्याला अडवू नये.