वाळ्याला वास का येत नाही?

या महिन्याच्या टपालात गवताची चार पत्रं निघाली. एरवी गुलाबाची छाटणी आणि कढीपत्त्याची पिवळी पानं यातच आपलं पान भरतं, म्हणून या चौघांना आधी बसवलं. जळगावकरांना जागा जास्त मिळाली आहे, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई, दीड वर्षापूर्वी जूनमध्ये वाळ्याचे दोन ठोंब आणले. एक गच्चीवर अर्ध्या कापलेल्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये लावला, दुसरा कंपाउंडच्या कडेला काळ्या मातीत. गच्चीवरचा माझ्या डोक्यापर्यंत गेलाय, पण पानं चोळली तर काही म्हणजे काही वास नाही. नर्सरीवाल्यानं फसवलं का? दर महिन्याला चमचाभर युरिया देते, तरी पानं चहूकडे लोळतात. मुळं काढली तर झाड मरेल का? आणि शेजारच्या काकू म्हणतात, असल्या झुडपात साप येतात. – एक वाचक, जळगाव

उत्तर : फसवलं असतं तर वास आला असता!

वाळ्याच्या पानाला वास नसतो. सगळा सुगंध मुळात. पान चोळल्यावर लिंबासारखा वास आला, तर समजायचं की तुमच्या गळ्यात गवती चहा पडला. हे मी ऐकीव सांगत नाही. नवी नवी बाग करत होते तेव्हा एका आठवडी बाजारातून बारा ठोंब हौसेनं आणले आणि बांधावर ओळीनं लावले. सासूबाईंनी एक पान मोडून नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "वाळा नंतर बघू, आधी आधण ठेव." पुढचं वर्षभर आम्ही आणि निम्मी आळी गवती चहा प्यायलो.

तेव्हा तुमचा वाळा खरा आहे. आता तो मातीखाली काय करतोय ते बघू. या गवताचा जीव खाली असतो. भुसभुशीत जमिनीत त्याची मुळं 3 मीटरच्याही खाली जातात, आणि जातात ती सरळ, आजूबाजूला फारशी पसरत नाहीत. म्हणून तर बांधाला आणि उताराला माती धरून ठेवायला तो लावतात. इंग्रजीतलं व्हेटिव्हर हे नाव तमिळ वेट्टिवेरवरून आलं. त्याचा अर्थच खणून काढलेलं मूळ. खणल्याशिवाय तो तुम्हाला काही देणार नाही.

लागवडीपासून साधारण 15 ते 18 महिन्यांनी मुळं काढण्याजोगी होतात. तुमची वेळ आत्ताच आलेली आहे. हिवाळा, माती कोरडीकडे झुकलेली, पाऊस नाही. पावसाळ्यात मुळं काढू नका, तेव्हा ती पाण्यानं भरलेली असतात, वाळता वाळत नाहीत आणि बुरशी धरतात.

आधी ड्रमचं सांगते, ते सोपं आहे. चार दिवस पाणी तोडा. पानं गुडघ्याच्या उंचीवर विळ्यानं कापून टाका. हे करताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, वाळ्याच्या पानाच्या कडा बारीक करवतीसारख्या असतात आणि हातावर ओरखडे उठतात ते संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कळतात. मग ड्रम आडवा करा, बाहेरून थोपटा आणि दोघांनी मिळून गड्डा ओढून काढा. तळाशी मुळांचं गोल गोल वेटोळं झालेलं दिसेल, अगदी काथ्याच्या पायपुसण्यासारखं. जाड पात्याच्या सुरीनं खालचा दोन तृतीयांश भाग सरळ कापा. तो तुमचा माल.

वर राहिलेल्या गड्ड्याचे हातानं फुटवे सुटे करा, दोन-तीन फुटव्यांचा एक याप्रमाणे. त्यांची पानं वीतभर ठेवा, मुळं चार बोटं, आणि त्याच दिवशी नव्या मातीत लावा. मरत नाही. फार तर महिनाभर रुसल्यासारखा दिसतो. एका ड्रममधून पंधरा-वीस रोपं सहज होतात, त्यातली दोन त्या काकूंना द्या.

जमिनीतल्या ठोंबाची गोष्ट वेगळी. काळ्या मातीतून वाळा काढणं म्हणजे हातांची परीक्षा. कोरडी असली तर ती कुदळीला दाद देत नाही, ओली असली तर मुळांना चिकटून त्यांनाच तोडते. आदल्या दिवशी पाणी द्या, वाफसा येऊ द्या, आणि ठोंबाच्या एकाच बाजूनं हातभर खोल चर खणा. त्या बाजूची अर्धी मुळं घ्या, उरलेला अर्धा ठोंब आहे तसाच ठेवून चर बुजवा. दुसरी बाजू पुढच्या हिवाळ्यात. सगळी मुळं निघणार नाहीत, निम्मी आत तुटून राहतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वालुकामय जमीन असती तर हेच काम निम्म्या वेळात झालं असतं, म्हणून तर मुळांसाठी शेती करणारे रेताड जमीन शोधतात. पुढच्या वेळी ड्रममध्येही निम्मी वाळू घाला.

मुळं तीन-चार पाण्यांतून धुवा आणि सावलीत, वाऱ्यावर, जुन्या साडीवर पसरा. पहिल्या दिवशी नाकाला लावाल तर नुसता मातीचा वास येईल आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहायला बसाल. थांबा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळं पिवळट तपकिरी होतात, बोटानं मोडल्यावर कट्कन आवाज येतो, आणि खोलीत शिरताना दारातच वास लागतो. कडक उन्हात घाई केलीत तर हा वास उडून जाईल. माझ्या गेल्या वर्षीच्या ड्रममधून वाळल्यावर पाव किलोसुद्धा भरला नाही, पण दोन माठांना तो उन्हाळाभर पुरून उरला. माठात बोटभर जाडीची जुडी दोऱ्यानं बांधून सोडायची, दोन दिवसांनी काढून उन्हात वाळवायची, तोवर दुसरी जुडी आत. एकच जुडी आठवडाभर बुडवून ठेवली की पाण्याला कुबट वास येतो आणि मग घरातले वाळ्याला नावं ठेवतात.

दुकानातून आणायची वेळ आलीच तर नीट सांगून घ्या. काष्ठौषधीवाल्याकडे काळा वाळा मागितलात तर तो निराळ्याच झुडपाची मुळं देईल. आपला हा पिवळा वाळा, हिंदीत खस. त्याचा खसखशीशी काही संबंध नाही, आणि बाटलीतल्या सरबताचा हिरवागार रंगही त्याचा नव्हे. वाळ्याचं पाणी फिकट गवती रंगाचं होतं, तेवढंच.

आता युरिया. तो आजपासून बंद. पानं लोळतात ती त्याच्यामुळेच, नाहीतर उन्ह कमी पडल्यामुळे. जळगावच्या गच्चीवर उन्हाची तक्रार असेल असं वाटत नाही. वर्षातून एकदा, जूनच्या तोंडावर, दोन ओंजळी शेणखत पुष्कळ झालं. दरवर्षी मे अखेर गुडघाभर उंचीवर कापणी करा, नवे फुटवे भरगच्च येतात आणि ठोंब कारंज्यासारखा सरळ उभा राहून मग टोकाशी वाकतो. खरी शोभा तीच. कापलेली पानं इतर कुंड्यांवर आच्छादन म्हणून घाला. जुन्या ठोंबाच्या मधोमध वाळकी पानं साचली की वाळवी लागते, आणि मध्ये टक्कल पडतं. तीन-चार वर्षांनी ठोंब फोडून नव्यानं लावला की प्रश्न मिटतो.

सापाचं म्हणाल तर वाळा सापाला बोलावतही नाही आणि हाकलतही नाही. जिथं उंदीर तिथं तो. बुंध्याशी पालापाचोळा आणि पक्ष्यांना टाकलेले दाणे साचू देऊ नका, आणि काकूंना माठातलं पाणी द्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एका किल्ल्यावरून येताना सुवासिक गवताचा ठोंब उपटून आणला. तिथल्या गुराख्यानं तिखाडी असं नाव सांगितलं. दिवाळीपर्यंत छान तांबूस तुरे होते. आता डिसेंबरात पार वाळून गेलाय. रोज पाणी घालतोय, तरी हिरवं पान नाही. काढून टाकू का? – पुणे

उत्तर : आधी पाण्याचा नळ बंद करा, मग पुढचं वाचा.

तिखाडी म्हणजेच रोशा. तो मेलेला नाही, त्याचं वर्ष संपलंय. आपल्या डोंगरउतारावरची गवतं पावसात वाढतात, दसरा-दिवाळीच्या आसपास तुरे काढतात आणि मग सगळा जीव बुंध्यात घेऊन झोपतात. त्यांना हिवाळ्यात रोज पाणी घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबणं. बुंधा कुजतो. माझा पहिला रोशा असाच गेला. खरं तर तो कुजला नव्हताच, मी वाळका म्हणून उपटला, आणि कंपोस्टच्या खड्ड्यावर फेकल्यावर जूनच्या पहिल्या पावसात तिथं त्याला हिरवे कोंब आले! त्यानंतर मी उपटायच्या आधी बघायला शिकले. बुंध्याजवळची एक काडी नखानं सोला. आत पांढरट, ओलसर दिसली की जिवंत. भुश्शासारखी कोरडी निघाली आणि अशा दहातल्या दहा निघाल्या, तरच आशा सोडा.

कुंडीत असेल तर पंधरवड्यातून एकदा तांब्याभर पाणी, जमिनीत असेल तर तेही नको. वाळकी काडी मेपर्यंत उभी राहू द्या. सकाळच्या तिरप्या उन्हात तांब्याच्या तारेसारखी दिसते, आणि दाणे टिपायला मुनियांची टोळी येते ती बघायला मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसते. मेच्या मध्यावर वीतभर ठेवून कापा. पहिला वळीव झाला की पंधरा दिवसांत हिरवं.

पहिल्या पत्राच्या मुलखाशी या गवताचं जुनं नातं आहे. खानदेशात पूर्वी रोशाच्या भट्ट्या लागत. पाला उकळून काढलेलं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी तर त्याला तुर्की जिरेनियम तेल असं नाव देऊन टाकलं होतं, तुर्कस्तानात एक काडीही न उगवता. पान चोळून बघा, गुलाबाचा भास होतो की नाही. त्यातही मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार, गोड वास मोतियाचा.

एक बोलणं मात्र खावं लागेल. किल्ल्यावरून ठोंब उपटून आणायचा नाही. ती जमीन बहुतेक ठिकाणी वनखात्याची किंवा संरक्षित असते, आणि उपटलेल्या जागी पावसात माती वाहते. स्वतःचे तुरे आता झाडून घ्या, बी जूनमध्ये कुंडीत पेरा, बारीक असतं म्हणून वर मातीचा फक्त हात फिरवा.

प्रश्न : फोटोंत दिसतं तसं पांढऱ्या तुऱ्यांचं पॅम्पस गवत बंगल्याच्या दारात लावायचं आहे. देशी काही पर्याय? – कोल्हापूर

उत्तर : पॅम्पस दक्षिण अमेरिकेतलं. आपल्याकडचा त्याचा भाऊ म्हणजे कास, भाद्रपद-आश्विनात नदीकाठ पांढरा करतो तो. दिसायला सुरेख, पण त्याचे जमिनीखालचे धावते कांडे एकदा शिरले की दोन पिढ्या निघत नाहीत, कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. जमिनीत लावूच नका. तळाला भोकं असलेल्या मोठ्या टाकीत, टाकीखाली फरशी, एवढी तयारी असेल तरच. नाहीतर नदीकाठी जाऊन दहा तुरे कापून आणा आणि रांजणात ठेवा, दिवाळी पार पडते. दारात उभं राहायला वाळाच बरा. दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा सहसा बी धरत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांच्या अंगणात घुसत नाही.

प्रश्न : मुलीला शाळेसाठी "हालचाल करणारी वनस्पती" असा प्रयोग करायचा आहे. लाजाळू सगळेच नेतात. दुसरं काही? – सातारा

उत्तर : गावाबाहेरच्या माळावर कुसळीचं गवत असेलच. या दिवसांत त्याची कुसळं एकमेकांत गुंतून काळपट वेण्या झालेल्या असतात. त्यातलं एक अलगद सोडवा. एका टोकाला सुईसारखं बी, त्याला दोन-तीन इंचांचं वळलेलं, मध्ये गुडघ्यासारखं वाकलेलं शेपूट. ते तळहातावर ठेवून शेपटावर पाण्याचा एक थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही, आणि मग पीळ सुटायला लागतो, वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरतो. वाळला की पुन्हा पीळ भरतो. रानात दव आणि ऊन यांच्यावर हे असंच चालतं आणि बी स्वतःला मातीत स्क्रूसारखं पिळून घेतं.

वर्गात करताना बी ओल्या मातीच्या वाटीत उभं रोवा, म्हणजे फिरणं सगळ्यांना दिसेल. उरलेली कुसळं काड्यापेटीत बंद करून न्या. माझ्या नातवानं खिशात नेली होती, त्याची चड्डी अजून टोचते म्हणून तो घालत नाही.