मांडीमागचा स्नायू दुखावल्यावर फक्त ब्रिज का पुरत नाही?

फुटबॉल खेळताना मांडीमागचा स्नायू दुखावला, सहा आठवडे नेमाने ब्रिज (उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणे) करूनही वेगाने धावताना ओढ बसते, मग व्यायाम कोणते निवडावेत, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि ही तक्रार वारंवार ऐकते.

बसताना जे हाड खाली टेकते, तिथून हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे या मांडीमागच्या स्नायूचा, बहुतेक भाग निघतो आणि गुडघा ओलांडून खाली जातो. त्यामुळे मांडी मागे नेणे आणि गुडघा वाकवणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. धावताना तो बहुधा टाच टेकण्याच्या जरा आधी, ताणलेल्या अवस्थेत पुढे फेकल्या गेलेल्या पायाला आवर घालताना दुखावतो. ब्रिजमध्ये गुडघा वाकलेला असल्याने ही ताणलेल्या अवस्थेतली ताकद तयार होत नाही.

तरीही ब्रिज सोडू नका, कारण नितंबाच्या स्नायूसाठी तो उत्तम आहे. मात्र कंबर उचलताना मांडीमागे गोळा येत असेल, तर नितंबाच्या स्नायूचे काम हॅमस्ट्रिंग करत आहे असे समजून पावले नितंबाकडे चार बोटे जवळ घ्या आणि नितंब घट्ट होतो का, हे हाताने चाचपून पाहा.

त्यानंतर गुळगुळीत फरशीवर उताणे झोपून टाचांखाली जुने फडके ठेवा, कंबर उचला आणि टाचा अगदी सावकाश पुढे सरकू द्या. माझ्या मते घरी करण्याजोगा याहून चांगला व्यायाम नाही. तो जमला की हलक्या वजनाने रोमानियन डेडलिफ्ट (हातात वजन धरून, पाठ सरळ ठेवून, नितंब मागे नेत पुढे वाकणे) आणि सर्वांत शेवटी नॉर्डिक (गुडघ्यांवर उभे राहून, कोणी घोटे धरलेले असताना अंग सावकाश पुढे झुकवणे), तोही आठवड्यातून एकदोनदाच, कारण सुरुवातीला त्याने अंग फार दुखते.

नितंबाच्या बाजूचा स्नायूही तपासा. आरशासमोर एका पायावर उभे राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकत असेल, तर कुशीवर झोपून पाय सरळ ठेवून वर उचलण्याचा व्यायाम जोडा. पर्वतीच्या पायऱ्या उतरतानाही हा झोल स्पष्ट दिसतो.

व्यायामात दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते उरले असेल तर भार कमी करा. बसल्यावर नितंबाखालच्या हाडाशी दुखत असेल, तर पुढे वाकून ताण देणे तूर्त थांबवा. दुखापतीच्या वेळी ‘टक्‌’ असा आवाज होऊन मांडी काळीनिळी पडली असेल, तर यातले काहीही करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.