गाडी कुठली ते नंतर, आधी प्लग कुठे ते बघा

प्रश्न : ताई, मी मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो, तिसरा मजला, खाली स्वतःचं पार्किंग आहे. नोकरी हालोलच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी), रोज जाऊन-येऊन 80 किमी होतात. पेट्रोलची गाडी नऊ वर्षांची झाली, आता बदलायचीय. ऑफिसमधले सगळे म्हणतात सीएनजी घे, बायको म्हणते इलेक्ट्रिकच घेऊ. दिवाळीत आणि मे महिन्यात आईला घेऊन पुण्याला जावंच लागतं. डोकं पार भंजाळलंय, काय करू?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : दादा, मी तुमच्या बायकोच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. शोरूममध्ये जायच्या आधी खाली पार्किंगमध्ये जाऊन बघा की तुमच्या मीटरपासून तुमच्या गाडीच्या जागेपर्यंत वायर कशी येणार. आपल्याकडे फ्लॅटचे मीटर बहुतेक खालीच असतात, त्यामुळे काम अवघड नाही, पण सोसायटीशी आधी बोलून ठेवा. गाडी दारात आल्यावर सेक्रेटरीकाकांकडे जाल तर विषय उगाच चिघळतो. घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या गाईडलाईन्समध्ये परवानगी आहे, ते त्यांना सांगा, पण सांगताना गोड बोला.

आणि हे वायरिंगचं मी इतकं लावून का धरतेय ते पण सांगते. आमच्याकडे गाडी आली तेव्हा पहिले काही दिवस आम्ही वॉशिंग मशीनच्या जुन्या 15 अँपियरच्या सॉकेटलाच लावली, चालतंय ना मग झालं असं म्हणून. एका रात्री पाणी प्यायला उठले तर जळकट वास, हात लावला तर प्लग इतका गरम की हात झटकन मागे घेतला, सकाळी बघते तर सॉकेटच्या भोकांभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. मशीन अर्धा-पाऊण तास चालतं, त्यातही पूर्ण ताकद ओढतं ते थोडाच वेळ, पण गाडी सलग पाच-सहा तास तेवढीच वीज खेचते, जुनं सॉकेट कसं टिकेल? मग इलेक्ट्रिशियनने मीटरपासून वेगळी लाईन ओढली, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), नवीन सॉकेट, आणि अर्थिंग तपासून घेतलं. अर्थिंग नीट नसेल तर बरेचसे चार्जर लाल लाईट दाखवून चार्जिंगच सुरू करत नाहीत, आणि लोकांना वाटतं गाडी खराब निघाली. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा, यात काटकसर नको.

आता हिशोब. एक युनिट विजेत छोटी ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, साधारण 7 किमी जाते. युनिट 8 रुपये धरा, म्हणजे किमीला सव्वा रुपयाच्या आतच. पेट्रोल 95 आणि अॅव्हरेज 18 धरलं तर सव्वापाच रुपये, सीएनजीला सव्वातीनच्या आसपास. तुमचं वर्षाचं रनिंग 22,000 किमी तरी होईल, म्हणजे पेट्रोलच्या तुलनेत वर्षाला 90,000 च्या आसपास वाचतात, सीएनजीच्या तुलनेत 45,000. गाडीच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर पेट्रोलशी तुलना केल्यास साडेतीन वर्षांत वसूल, सीएनजीशी केली तर साडेसहा-सात वर्षं लागतील. म्हणून ऑफिसमधले लोक चुकीचं सांगतायत असं मी म्हणणार नाही. पण सीएनजीच्या रांगेत जाणारा वेळ आणि डिकीत बसलेली टाकी हेही धरा ना. रोजचे 80 किमी म्हणजे 12 युनिट, वेगळ्या लाईनच्या सॉकेटवर चार-साडेचार तास, तुम्ही झोपेत असताना होऊन जातं.

सबसिडीच्या आशेवर मात्र राहू नका. गुजरातच्या 2021 च्या पॉलिसीत कारला दीड लाखापर्यंत मिळायचे, पण ती पॉलिसी चारच वर्षांची होती. ईव्हीवर जीएसटी 5 टक्के आहे ते खरं, पण सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचाही 18 वर आलाय, त्यामुळे ऑन-रोड कोटेशन दोन्हींचं हातात घ्या आणि मगच वजाबाकी करा.

राहिलं पुणं. साडेपाचशे किमी आहेत. कागदावर 332 किमी रेंज लिहिलेली गाडी हायवेला एसी लावून 230-250 जाते असं धरून चाला, म्हणजे तीन-चारदा थांबायचं, दर वेळी पाऊण ते एक तास. 80 टक्क्यांच्या पुढे फास्ट चार्जिंग फार मंदावतं, तेव्हा 80 ला काढा आणि निघा. हायवेला युनिटचा दर घरच्या दुप्पट-तिप्पट असतो. एकदा आम्ही अॅपवर बघून एका हॉटेलात वळलो तर चार्जरची केबल तुटून लोंबत होती, आणि आमच्याकडे 14 टक्के उरलेले. तेव्हापासून मी 30 टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही, पुढचा दुसरा चार्जर हेरूनच ठेवते. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना तसंही दर दोन तासांनी उतरावंच लागत असेल. दिवाळीच्या आदल्या दिवशी मात्र चार्जरला रांग असते, एक दिवस आधी निघा. खंडाळ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात, घाबरू नका, येताना उतारावर थोडे परत मिळतात.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर्ड, कारेलीबागला राहतो. मांडवी, दांडिया बाजार, महिन्यातून एकदा गरुडेश्वर, मिळून 400 किमी होतात महिन्याला. मुलगा इलेक्ट्रिक घ्या म्हणून मागे लागलाय. पण ऑगस्ट 2024 ला गल्लीत कमरेएवढं पाणी होतं, भीती वाटते.
– एक वाचक, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : काका, घेऊ नका. पण पुरामुळे नाही. तुमचं रनिंगच इतकं कमी आहे की वर्षाला फार तर 20,000 वाचतील, जास्तीचे तीन लाख निघायला पंधरा वर्षं. आहे ती गाडी नीट चालत असेल तर तीच सांभाळा, मुलाचा जीव आहे तुमच्यावर म्हणून तो म्हणतोय, त्याला हा हिशोब दाखवा.

पाण्याचं म्हणाल तर बऱ्याच बॅटऱ्यांवर आयपी67 लिहिलेलं असतं, म्हणजे टेस्टमध्ये एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. आपल्याकडे विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा काही भागात पाणी दोन-दोन दिवस हललं नव्हतं, तिथे हा अर्धा तास काय कामाचा? आणि पेट्रोलच्या गाड्या तरी कुठे वाचल्या. नदी वाढतेय कळलं की गाडी कुठलीही असो, उंचावर नेऊन ठेवायची. ईव्ही बुडालीच तर ती चालू करून बघायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही, उचलून न्यायला सांगायचं.

प्रश्न : जुनी ईव्ही स्वस्तात मिळतेय, घेऊ का?
– एक वाचक, गोत्री, बडोदा

उत्तर : बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी असते, ती दुसऱ्या मालकालाही तेवढीच लागू आहे का हे कंपनीकडून लेखी घ्या. आणि सर्व्हिस सेंटरला बॅटरीची तपासणी करून किती टक्के क्षमता उरलीय त्याचा रिपोर्ट मागा. विकणारा रिपोर्ट द्यायला टाळाटाळ करत असेल तर गाडी कितीही चकाचक दिसू दे, टोकन देऊ नका.